ताळेबंद : भांडवल मालमत्तेत धरावे की देण्यांत? (काजूच्या दुकानाची यादी तपासून हवी आहे)

काजूगर (रविवार, रात्री ९.२०)

नमस्कार. म्हापशाच्या बाजारात आमचे काजूचे लहान दुकान आहे. सासऱ्यांनी ते अनेक वर्षे चालवले. त्यांच्यानंतर ते काही काळ बंद होते आणि गेल्या वर्षी १ एप्रिलला मी स्वतःचे ५,००,००० रुपये घालून पुन्हा सुरू केले. बी विकत घेऊन घरामागच्या शेडमध्ये ती वाफवणे, फोडणे, वाळवणे, सोलणे आणि गर दुकानात विकणे, एवढाच व्याप आहे. आता बँकेकडे कॅश क्रेडिट (मर्यादेपर्यंत लागेल तसे उचलता येणारे कर्ज) मागितले असता त्यांनी ३१ मार्चचा ताळेबंद, म्हणजे त्या दिवशी दुकानाकडे काय आहे आणि कोणाचे काय द्यायचे आहे याचा तक्ता, आणायला सांगितला. चार्टर्ड अकाउंटंटकडे जाण्यापूर्वी निदान कोणती बाब कोणत्या मथळ्याखाली जाते एवढे स्वतःला कळावे, म्हणून मी यादी केली आहे.

मालमत्तेत मी हे धरले : रोख १८,०००, बँकेत ९२,०००, बी आणि गराचा साठा ४,६०,०००, बॉयलर, फोडणीची यंत्रे आणि ड्रायर मिळून २,८०,०००, गाळ्याच्या मालकाकडे ठेवलेली अनामत १,००,०००, गिऱ्हाइकांकडून येणे ७५,०००, मी घातलेले भांडवल ५,००,०००, कळंगुटच्या एका हॉटेलने मे महिन्यातील भेटपाकिटांसाठी आगाऊ दिलेले ६०,०००, माझी स्कूटर ५५,०००, आणि दुकानाचे जुने नाव ३,००,०००, कारण एका व्यापाऱ्याने नावासाठी तेवढे देऊ केले होते.

देण्यांत हे धरले : यंत्रांवरील कर्ज २,१०,०००, बागायतदारांचे बियांचे पैसे १,२०,०००, सत्तरीतील दोन बागायतदारांना हंगामापूर्वी मी दिलेली उचल ४०,०००, कारण तो हिशेब अजून मिटायचा आहे, जीएसटी ९,०००, मार्चचे विजेचे बिल ४,०००.

मालमत्तेची बेरीज १९,४०,००० आणि देण्यांची ३,८३,००० होते. वजा केल्यावर १५,५७,००० उरतात. पाच लाख घालून वर्षभरात मी साडेपंधरा लाखांची मालकीण झाले, हे माझे मलाच पटत नाही. शिवाय टॅली या हिशेबाच्या संगणक प्रणालीत भांडवल देण्यांच्या बाजूला दिसते. माझेच पैसे माझ्या डोक्यावरचे देणे कसे काय ठरतात?

समुद्रकाठ (रविवार, रात्री १०.०५)

मांद्रे येथे आमच्या पाच खोल्या पर्यटकांना दिल्या जातात. डिसेंबरसाठीची आगाऊ रक्कम ऑक्टोबरपासूनच येऊ लागते आणि पहिल्या वर्षी मीही ती सर्व कमाई समजून बसलो होतो. एका पाहुण्याने बेत रद्द करून पैसे परत मागितले, त्या दिवशी ते कोणाचे होते हे कळले. तुमचे हॉटेलचे ६०,००० त्याच जातीचे आहेत.

चोपडीवाला (सोमवार, सकाळी ६.५०)

ताई, तुमच्या यादीत बऱ्याच चुका आहेत, पण त्यांतील मोठ्या चुकांचे मूळ एकच आहे आणि ते हिशेबात नसून आपल्या भाषेत आहे, असे मला फोंड्यात तीस वर्षे दुकानदारांच्या वह्या लिहिल्यानंतर वाटते. बोलताना आपण ‘भांडवल’ हा शब्द वस्तूसाठी वापरतो. दुकानदार फळीवरच्या मालाकडे बोट दाखवून ‘हे माझे भांडवल’ म्हणतो आणि गल्ला रिकामा झाला की ‘भांडवल संपले’ म्हणतो. हिशेबाच्या वहीत मात्र भांडवल ही वस्तू नाही. ते कपाटात सापडत नाही, तराजूत घालता येत नाही आणि बँकेतही ठेवता येत नाही. दुकानातील सर्व वस्तूंवर, बाहेरच्यांचा हक्क फिटल्यानंतर मालकाचा जो हक्क उरतो, त्या हक्काचे नाव भांडवल.

तुम्ही घातलेले पाच लाख आज कोठे आहेत ते पाहा. त्यांतील काही यंत्रांत गेले, काही अनामतीत, काही बियांत. त्या सर्व वस्तू तुम्ही मालमत्तेत मोजल्याच आहेत. त्यांच्या शेजारी पुन्हा ‘भांडवल ५,००,०००’ लिहिणे म्हणजे तेच पैसे एकदा वस्तू म्हणून आणि एकदा आठवण म्हणून मोजणे होय.

आता दुसरा प्रश्न. वहीच्या दृष्टीने दुकान आणि तुम्ही या दोन वेगळ्या असामी आहेत. कायद्याने तुमच्या एकल मालकीच्या दुकानाला वेगळे अस्तित्व नाही. उद्या दुकानाचे कर्ज फिटले नाही तर बँक तुम्हालाच धरील. पण वही लिहिताना आपण दुकानाच्या खुर्चीत बसून लिहितो. त्या खुर्चीतून पाहिले तर बँकेने २,१०,००० दिले आणि मालकिणीने ५,००,००० दिले. दोन्ही रकमा दुकानाने कोणाकडून तरी घेतलेल्या आहेत. म्हणून दोन्ही एकाच बाजूला लिहितात. फरक एवढाच की बँकेला ठरल्या दिवशी ठरलेली रक्कम द्यावीच लागते, आणि मालकाला मात्र सर्वांचे देऊन झाल्यावर जे उरेल ते मिळते, मग ते पाचाचे सात होवोत की दोन. म्हणून भांडवल देण्यांच्या बाजूला असते, परंतु ते देणे नव्हे. त्या बाजूच्या मथळ्यावर नुसते ‘देणी’ लिहिण्याच्या जुन्या सवयीने अनेकांचा गोंधळ केला आहे. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीत कंपन्यांसाठी जो नमुना आहे, त्यात हा मथळा ‘भागभांडवल आणि देणी’ अशा अर्थाचा, दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख करणारा आहे. तो तुम्हाला बंधनकारक नाही, पण समजण्यास सोपा आहे.

तुमच्या सासऱ्यांची लाल कापडी बांधणीची एखादी चोपडी घरात असेल तर उघडून पाहा. माझ्या हाताखालून गेलेल्या बहुतेक जुन्या चोपड्यांत देवाच्या नावानंतरची पहिली नोंद भांडवल खात्याच्या जमेचीच असे.

शिकवणी (सोमवार, दुपारी २.१५)

मी उच्च माध्यमिक विद्यालयात अकरावी-बारावीला अकाउंटन्सी शिकवते. आपल्याकडे हा विषय इंग्रजीतून शिकवला जातो आणि घरी मुले मराठीतून किंवा कोकणीतून विचार करतात, त्यामुळे वर दिलेला भाषेचा मुद्दा मला रोज भेटतो. ‘मालमत्ता’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर घर आणि भाट (बागायत) येते. उधारी ही मालमत्ता आहे हे त्यांना पटवावे लागते.

मी वर्गात प्रत्येक बाबीला दोन प्रश्न विचारायला लावते. आजवर घडून गेलेल्या व्यवहारामुळे, पुढे फायदा देणारी एखादी गोष्ट दुकानाच्या ताब्यात आहे काय? असेल तर ती मालमत्ता. आजवर घडून गेलेल्या व्यवहारामुळे दुकानाला कोणाला तरी पैसा, माल किंवा सेवा देणे टाळता येणार नाही, असे काही आहे काय? असेल तर ते देणे. तिसरा प्रश्न मी ठेवत नाही, कारण भांडवल स्वतंत्रपणे शोधायचे नसते. ते वजाबाकीतून निघते.

या प्रश्नांनी तुमची यादी तपासू. बागायतदारांना तुम्ही दिलेल्या ४०,००० च्या बदल्यात त्यांच्याकडून बी मिळण्याचा हक्क तुमच्याकडे आहे, म्हणून ती मालमत्ता आहे. ‘हिशेब मिटायचा आहे’ एवढ्यावरून बाजू ठरत नाही. मिटवताना कोणी कोणाला द्यायचे, हे पाहावे. गाळ्याची अनामत परत मिळणारी असेल तर तुम्ही धरली ते योग्यच आहे, आणि गाळ्याच्या मालकाने वही लिहिली असेल तर तेच १,००,००० त्याच्याकडे देण्यांत असतील.

यंत्रे तुम्ही खरेदीच्या किमतीला धरलीत. वर्षभर वापरल्यावर त्यांचा घसारा, म्हणजे वापराने किमतीत झालेली घट, वजा करावा लागतो. आयकरात सर्वसाधारण यंत्रसामग्रीचा १५ टक्के दर आहे, तोच लहान दुकानदार बहुधा वहीतही वापरतात. २,८०,००० वर तो ४२,००० होतो, म्हणजे यंत्रे २,३८,००० ला दाखवावीत. साठा कोणत्या भावाने धरला, तेही सांगा. पडलेला खर्च आणि विक्रीतून पदरात पडणारी रक्कम यांपैकी जी कमी, तीच घ्यायची असते. डब्ल्यू ३२० या प्रतीच्या अख्ख्या गराचा दुकानातील विक्रीभाव लावला असेल तर न झालेला नफा आधीच मोजला जाईल.

दुकानाचे नाव यादीतून काढा. स्वतः कमावलेली ख्याती वहीत घेत नाहीत. हिशेबाच्या २६ व्या मानकातही तसेच आहे. ते नाव तुम्ही कोणाकडून पैसे मोजून विकत घेतले असते, तर गोष्ट वेगळी होती. व्यापाऱ्याने देऊ केलेली रक्कम हा केवळ देकार आहे, व्यवहार नाही.

उलटतपासणी (सोमवार, रात्री ८.४०)

हॉटेलच्या आगाऊ रकमेबाबत मी सहमत नाही. मांद्र्याच्या पाहुण्याने बेत रद्द केला, म्हणून पैसे परत करावे लागले. येथे हॉटेल पैसे परत मागणार नाही, त्यांना माल हवा आहे आणि माल ताईंच्या साठ्यात पडून आहे. कोणालाही पैसे द्यायचे नसताना त्याला देणे कसे म्हणता येईल? फार तर विक्री झाली असे धरा.

चोपडीवाला (सोमवार, रात्री ९.३०)

शंका रास्त आहे, पण ‘देणे’ म्हणजे पैसेच देणे असा नियम नाही. ३१ मार्चच्या रात्री हॉटेलने ताईंना दिलेले पैसे ताईंकडे आहेत आणि हॉटेलची पाकिटेही ताईंकडेच आहेत. दोन्ही एकाच हातात असताना विक्री झाली असे कसे म्हणता येईल? ते ६०,००० रोख किंवा बँकेच्या शिलकेत आलेलेच आहेत. त्यांना मालमत्तेत पुन्हा वेगळे लिहिणे म्हणजे दुबार मोजणी होय. लिहायचे ते समोरच्या बाजूला, ‘गिऱ्हाइकाकडून आगाऊ’ म्हणून.

मे महिन्यात माल पोचल्यावर काय होईल ते पाहा. समजा, कर सोडून किंमत ६०,००० आणि त्या पाकिटांवर पडलेला खर्च ४४,०००. त्या दिवशी साठा ४४,००० ने कमी होईल, देणे ६०,००० ने कमी होईल, आणि मधले १६,००० मालकिणीच्या भांडवलात जातील. आज तुम्ही विक्री धरली असती तर ते १६,००० मार्चमध्येच नफा म्हणून दिसले असते, आणि मे महिन्यात पाकिटांना वास लागला म्हणून हॉटेलने ती परत पाठवली असती तर तो नफा पुसत बसावे लागले असते.

उलटतपासणी (सोमवार, रात्री ९.५०)

दोन्ही एकाच हातात आहेत, हे पटले. हरकत मागे घेतो. स्कूटरचे काय?

चोपडीवाला (मंगळवार, सकाळी ७.०५)

स्कूटर घरच्या पैशांतून घेतली असेल आणि बाजारहाटासाठीही वापरली जात असेल, तर ती दुकानाच्या यादीतून काढलेली बरी. दुकानातच द्यायची असेल तर तशी नोंद करावी. मग मालमत्ता ५५,००० ने वाढेल आणि भांडवलही तेवढ्यानेच वाढेल, कारण मालकिणीने दुकानाला पैशांऐवजी वाहन दिले. थोडे विषयांतर करतो. लुका पाचोली या इटालियन भिक्षूने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात दुहेरी नोंदीची, म्हणजे प्रत्येक व्यवहार दोन खात्यांत लिहिण्याची, पद्धत प्रथमच छापील स्वरूपात सविस्तर मांडली, आणि तोही व्यापाऱ्याला सर्वांत आधी यादीच करायला सांगतो. त्या यादीत दागिने, कपडे आणि घरातील वस्तूही आहेत. तेव्हा ताईंनी स्कूटर धरली तर त्यात लाजण्यासारखे काही नाही; घर आणि पेढी कटाक्षाने वेगळी ठेवण्याची शिस्त पुढे रुजत गेली.

काजूगर (मंगळवार, रात्री १०.१०)

सर्वांचे मनापासून आभार. साठा मी पडलेल्या खर्चानेच धरला आहे. बियांची किंमत, सरपण आणि सोलणीची मजुरी मिळून किलोमागे जे पडते तेच. स्कूटर, दुकानाचे नाव आणि भांडवल मालमत्तेतून काढले, बागायतदारांची उचल इकडे आणली, हॉटेलची रक्कम तिकडे नेली, यंत्रांचा घसारा वजा केला. आता मालमत्ता १०,२३,०००, देणी ४,०३,००० आणि वजाबाकी ६,२०,००० येते. हा आकडा मात्र विश्वास ठेवण्याजोगा वाटतो. परंतु मी पाच लाख घातले होते, मग भांडवल ५,००,००० लिहायचे की ६,२०,०००? वर्षभरात घरखर्चासाठी मी १,८०,००० काढले आहेत, तेही कोठे दाखवायचे कळत नाही.

आणखी एक गोष्ट. आमचे लग्न गोव्यातच नोंदले आहे आणि लग्नापूर्वी कोणताही करार केलेला नाही. पती नोकरी करतात. पोर्तुगीज नागरी कायद्याने निम्मे त्यांचे, असे सगळे म्हणतात. मग भांडवलही निम्मे लिहायचे काय?

शिकवणी (बुधवार, दुपारी ३.३०)

भांडवल ६,२०,०००. ते असे उलगडून दाखवा : सुरुवातीचे ५,००,०००, अधिक वर्षाचा नफा, वजा घरासाठी काढलेले १,८०,०००. घरासाठी काढलेली रक्कम दुकानाचा खर्चही नाही आणि मालमत्ताही नाही. ती मालकाच्या हक्कातूनच कमी होते. वरच्या मांडणीत नफा हाच एक आकडा अज्ञात आहे, म्हणून तो ३,००,००० निघतो. ज्यांच्याकडे पूर्ण वही नसते, त्यांचा नफा अशा रीतीने दोन तारखांच्या ताळेबंदांतून काढता येतो. मात्र नफा-तोटा पत्रक करून तोच आकडा येतो का, हे पाहिल्याशिवाय बँकेत जाऊ नका.

फोंड्याचा करसल्लागार (बुधवार, सायंकाळी ६.४५)

निम्म्याच्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण गोव्याबाहेरच्या पुस्तकांत याचे उत्तर सहसा सापडत नाही. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा ज्यांना लागू आहे आणि ज्यांनी विवाहपूर्व करार केलेला नाही, त्या पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते आणि दोघांचा निम्मा हक्क असतो. १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ५अ याच कारणाने आले. पगार वगळता इतर उत्पन्न पती-पत्नींमध्ये समान विभागून दोघांच्या विवरणपत्रांत दाखवायचे असते. म्हणजे तुमच्या दुकानाच्या नफ्याचा निम्मा भाग पतींच्या विवरणपत्रात जाईल, पण त्यांच्या पगाराचा निम्मा तुमच्याकडे येणार नाही.

ताळेबंदावर मात्र याने काही बदलत नाही. तो दुकानाचा आहे. दुकानाकडे काय आहे आणि बाहेरच्यांचे काय द्यायचे आहे, एवढे ठरले की उरलेला हक्क ठरतो; तो हक्क घरात दोघांनी कसा वाटून घ्यायचा, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. भांडवल एका खात्यात लिहा किंवा दोघांच्या नावे दोन खात्यांत दाखवा, बेरीज तीच राहील. पतींचा निम्मा हक्क देण्यांत लिहिण्याची चूक मात्र करू नका, कारण ते दुकानाचे धनको नाहीत.

दुसरे, जीएसटीच्या ९,००० मध्ये उलट आकारणीचा कर धरला आहे काय? न सोललेली काजू बी थेट शेतकऱ्याकडून घेतली तर कर शेतकरी भरत नाही, नोंदणीकृत खरेदीदाराने भरायचा असतो. नोंदणीकृत काजू दुकानदारही हे हमखास विसरतात.

काजूगर (बुधवार, रात्री ९.००)

धरला नव्हता. १,२०,००० ची बी मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील आहे. त्या महिन्यात दुसरी खरेदी नाही. मी कंपोझिशन योजनेत (उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरण्याची लहान व्यापाऱ्यांची योजना) नाही.

फोंड्याचा करसल्लागार (बुधवार, रात्री ९.४०)

मग ५ टक्क्यांनी ६,००० देण्यांत वाढवा. तो कर रोखीने भरल्यावर तुम्हाला त्याची वजावट मिळेल, म्हणून ‘पुढे मिळणारी करवजावट’ असे ६,००० मालमत्तेतही येतील. मालमत्ता १०,२९,०००, देणी ४,०९,०००. भांडवल होते तेवढेच.

उलटतपासणी (गुरुवार, सकाळी ८.१५)

हॉटेलच्या बाबतीत मी हरलो होतो, तरी एक विचारतो. ताई लिहितात की साठ्याच्या भावात सोलणीची मजुरी धरली आहे. सोलणाऱ्या बायकांना मार्चची मजुरी कधी दिली?

काजूगर (गुरुवार, दुपारी १.२०)

५ एप्रिलला. १४,००० रुपये. यादीत कोठेच नाही.

चोपडीवाला (गुरुवार, दुपारी ४.००)

शाबास! माझ्या अनुभवात विसरले जाते ते बहुधा देणेच. मालमत्ता डोळ्यांना दिसते. न दिलेली मजुरी दिसत नाही, आणि तिचे बिलही कोणी पाठवत नाही. येथे साठ्यात मजुरी धरल्यामुळे मालमत्ता बरोबर होती, पण देणे १४,००० ने कमी असल्यामुळे नफा तेवढ्याने फुगला होता. आता देणी ४,२३,०००, भांडवल ६,०६,००० आणि नफा २,८६,००० असे लिहा. विवरणपत्रांसाठी तो दोघांकडे १,४३,००० असा विभागला जाईल.

बँकेसाठी एक काम राहिले. बारा महिन्यांत मिटणाऱ्या बाबी चालू मथळ्याखाली वेगळ्या करा. कर्जाच्या २,१०,००० पैकी येत्या वर्षात मुद्दल किती फेडायचे आहे?

काजूगर (गुरुवार, रात्री ८.३०)

साठ हजार.

चोपडीवाला (शुक्रवार, सकाळी ६.४०)

मग यंत्रे आणि अनामत सोडून बाकीची चालू मालमत्ता ६,९१,००० आणि कर्जाचे १,५०,००० सोडून बाकीची चालू देणी २,७३,०००. चालू मालमत्तेला चालू देण्यांनी भागले की उत्तर अडीचच्या किंचित वर येते. बँकेचा अधिकारी बहुधा हाच आकडा आधी पाहील, आणि त्यानंतर साठा ४,६०,००० कशावरून, असे विचारील. म्हणून जाताना ३१ मार्चची वजनांची यादी सोबत न्या : बी किती किलो, गर किती किलो, आणि तुकडा वेगळा. आज शुक्रवार, म्हापशाच्या बाजारात तुम्हाला उसंत मिळणार नाही. यादी उद्या करा.